वाळूच्या माळावर डबा शोधताना : मेसन काउंटीतले तीन दिवस

कॅटरपिलर आणि स्टेट फार्मच्या नोकऱ्यांमुळे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात पिओरिया आणि ब्लूमिंग्टनमध्ये मराठी घरं बरीच आहेत, आणि लाँग वीकएंड आला की त्यांतली निम्मी शिकागोच्या रस्त्याला लागतात. उलट दिशेला, पिओरियाहून नैऋत्येला तासाभरात, रानात निवडुंग उगवतो हे त्यांतल्या फार थोड्यांच्या कानावर असतं. इलिनॉय नदीच्या पूर्व काठावरची ही मेसन काउंटी. हिमयुगाच्या उतरणीला, सुमारे १८-१९ हजार वर्षांपूर्वी, वितळत्या हिमनद्यांचं पाणी बांध फोडून या खोऱ्यातून धावलं. भूगर्भशास्त्रात त्याला कँकाकी टॉरेंट म्हणतात. दरी जिथे रुंद झाली तिथे पाण्याचा जोर कमी झाला आणि वाळू खाली बसली. पुढे पश्चिमेच्या वाऱ्याने ती उचलून टेकड्या रचल्या. पाऊस इथे बाकीच्या इलिनॉयइतकाच पडतो, पण वाळूत थांबत नाही. म्हणून आजूबाजूला काळी जमीन आणि मका, आणि मधेच हा कोरडा माळ.

लेबर डेचे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) तीन दिवस इथे जिओकॅशिंगसाठी काढले. ज्यांनी हा खेळ ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : कुणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो, तुम्ही तो शोधता, आतल्या वहीत सही करता आणि डबा होता तसा परत ठेवता. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी जंगलात एक बादली ठेवून हा खेळ सुरू केला. ती बादली अर्धवट पुरलेली होती. आजच्या नियमांत जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबा पुरायला मनाई आहे, म्हणजे खेळातला पहिलाच डबा आज सहजासहजी मंजूर झाला नसता.

शनिवार : सँड रिज स्टेट फॉरेस्ट

फॉरेस्ट सिटी गावाजवळचं हे इलिनॉयमधलं सगळ्यात मोठं राज्य-वन, ७ हजार एकरांहून अधिक. ओक-हिकरीचं जंगल, ओळीत लावलेले पाइन, आणि मधूनमधून वाळूचे उघडे माळ. खुणा केलेल्या वाटाच चाळीसएक मैल आहेत, शिवाय आग पसरू नये म्हणून साफ ठेवलेल्या पट्ट्या, म्हणजे फायर लेन, सगळीकडे जाळ्यासारख्या. नवख्या माणसाला या पट्ट्याच चकवतात. सगळ्या सारख्या दिसतात, सगळ्या सरळ जातात, आणि फोनला रेंज असेलच असं नाही.

त्यामुळे घरून निघतानाच काम उरकावं. सगळ्या कॅशची, म्हणजे लपवलेल्या डब्यांची, यादी करून ती ॲपमध्ये ऑफलाइन उतरवून घ्यायची, नकाशासकट. नुसते अक्षांश-रेखांश उतरवले तर जागेवर गेल्यावर सूचक वाक्य आणि आधीच्या लोकांच्या नोंदी दिसत नाहीत, आणि निम्म्या वेळा डबा त्या नोंदींवरूनच सापडतो. गाडी उभी केली की पहिली गोष्ट : पार्किंगचा बिंदू स्वतंत्र साठवून ठेवणे. पॉवर बँक हवीच. उन्हात पूर्ण उजेडावर ठेवलेली स्क्रीन चार तासांत बॅटरी संपवते.

वाट चालताना फोनवरचा बाण सरळ रेषेत डब्याकडे बोट दाखवतो, वाट दाखवत नाही. बाणामागे झुडपात शिरणारा माणूस पॉयझन आयव्ही या वेलीची खाज, गोचिडी आणि ओरखडे घेऊन परत येतो. फायर लेनवरूनच चालत राहावं. अंतर कमी होत होत पुन्हा वाढायला लागलं की तो वळण्याचा बिंदू. तिथून काटकोनात आत गेलं की झाडीतलं चालणं सगळ्यात कमी होतं. एक डबा सापडल्यावर लगेच पुढच्यासाठी डोळे ताणण्यातही अर्थ नाही. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर असावं असा नियम आहे.

अक्षांश-रेखांश या खेळात अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. मिनिटाच्या तिसऱ्या दशांशातला एक आकडा म्हणजे इथे उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १.४ मीटर. उघड्या माळावर फोन तीन-पाच मीटरांत आणून सोडतो, पाइनच्या दाट रांगांत हीच चूक दहा मीटरांवर जाते, कारण उपग्रहाचा संदेश खोडांवरून आणि फांद्यांवरून उसळून येतो. बाण गरागरा फिरायला लागला की फोन खिशात टाकायचा आणि आजूबाजूला काय विसंगत दिसतंय ते बघायचं : एकाच दिशेला रचलेल्या काटक्या, खोडाला टेकवलेली साल, पाइनच्या सुयांचा नको तितका नीटनेटका ढीग. ताज्या उकरलेल्या वाळूचा ढीग दिसला तर तो सोडून द्यावा. डबे पुरलेले नसतात, आणि तो ढीग पॉकेट गोफर नावाच्या बिळातल्या प्राण्याचा असतो. या प्राण्यांनी केलेले ढीग सँड रिजमध्ये जागोजागी आहेत.

डब्यांचं म्हणाल तर वाळूच्या प्रदेशात लष्करी ॲम्युनिशन कॅनला तोड नाही. जाड पत्रा, वरची कडी, आणि झाकणाच्या आत रबराची पट्टी. तरीही एका कॅनमधली वही ओलीचिंब होती, आणि कारण वाळूच. कुणीतरी कॅन जमिनीवर ठेवून उघडला, रबरावर चार कण बसले, झाकण तसंच दाबलं. त्या चार कणांच्या फटीतून दमट हवा आत जाते, रात्री गार पत्र्यावर पाणी धरते, आणि महिन्याभरात वहीला बुरशी लागते. म्हणून डबा नेहमी टोपीवर किंवा रुमालावर ठेवून उघडावा, आणि बंद करण्याआधी रबराची पट्टी आणि तिची खाच कोरड्या कापडाने पुसावी. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

लहान डब्यांचं दुखणं वेगळं. चावीच्या साखळीला असते तशी धातूची नळी, तिला बायसन ट्यूब म्हणतात, तिच्या आट्यांत वाळू गेली की झाकण कचकचतं. जोर लावला की आटे कायमचे बिघडतात. नळी उलटी धरून खोडावर हलकेच आपटायची, फुंकर मारायची, मगच फिरवायची. आतली कागदाची सुरळी काढायला चिमटा लागतो. तोच चिमटा दुसऱ्या दिवशी निवडुंगासाठी उपयोगी पडतो. सहीसाठी जेल पेन नेऊ नये, दमट कागदावर ते फुटतं. पेन्सिल चालते.

कॅम्पग्राउंडवर एक निवृत्त जोडपं भेटलं, आयोवाहून आलेलं. आजोबांच्या गळ्यात लूप, म्हणजे छोटं भिंग, आजींच्या हातात वही. राज्याच्या जागेवर डबा ठेवायचा तर आधी त्या जागेच्या अधीक्षकाची लेखी परवानगी लागते, ती कशी मागावी हे त्यांनी सविस्तर सांगितलं : आकार, रंग, नेमकी जागा, कोणत्या वाटेवरून जायचं, आणि लपवलेल्या स्थितीतला फोटो. "डबा कुठे लपवलाय एवढंच ते विचारत नाहीत," आजी म्हणाल्या, "लोक तिथवर कशावरून चालत जाणार आहेत तेही विचारतात." त्यांच्या चुलीवर मक्याच्या कणसांसोबत बीन्स शिजत होत्या, दोन वाट्या आमच्या ताटात आल्या. बदल्यात थेपले गेले. आजोबांनी त्यांना 'ट्रेल टॉर्टिया' असं नाव दिलं.

रात्री झोपण्याआधी गोचिडी बघणे. इथे लोन स्टार जातीची गोचीड आहे आणि उन्हाळ्याच्या शेवटी तिची पिल्लं खसखशीएवढी असतात, एका पानावर शेकड्यांनी. या गोचिडीच्या चाव्यातून काहींना अल्फा-गॅल नावाची ॲलर्जी होते. मग मटण, बीफ, पोर्क खाल्ल्यावर काही तासांनी अंगावर गांधी उठतात, कधी त्याहून वाईट. ज्यांचा रविवार मटणाशिवाय जात नाही त्यांनी हे मनावर घ्यावं. उपाय साधे आहेत. बूट, मोजे आणि पँट आदल्या दिवशी ०.५ टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाने फवारून पूर्ण वाळवायचे (घरात मांजर असेल तर ओले असताना तिच्यापासून लांब, तिला ते विषारी असतं). कातडीला २० टक्के पिकॅरिडिन, म्हणजे किडे दूर ठेवणारं औषध. पँट मोज्यांत खोचायची, दिसायला कितीही वाईट दिसो. परतल्यावर कपडे धुण्याआधी कोरडेच ड्रायरमध्ये जास्त तापमानावर दहा मिनिटं फिरवायचे. गोचीड पाण्याला दाद देत नाही, कोरड्या उष्णतेने मरते.

रविवार : सँड प्रेअरी-स्क्रब ओक नेचर प्रिझर्व्ह

बाथ गावाजवळचा हा राखीव माळ. इथे डब्याचा नाद सोडायचा. राखीव निसर्गक्षेत्रात डबा नसतो आणि नसावा, आणि याचं कारण पायाखाली बघितल्यावर कळतं. गवताच्या झुबक्यांच्या मधे जी मोकळी वाळू वाटते तिच्यावर शेवाळ आणि दगडफुलाच्या जातीच्या लायकेनचा पातळ, करकरीत थर असतो. तो थर आणि गवताची मुळं एवढ्याच बळावर टेकडी जागच्या जागी उभी आहे. एखाद्या डब्याकडे दहा-पंधरा माणसं एकाच बाजूने गेली की पायवाट पडते, थर फुटतो, वारा आत शिरतो आणि खळगा पोखरत जातो. या खळग्याला ब्लोआउट म्हणतात. नैसर्गिक ब्लोआउट हा या माळाचा भागच आहे, काही वनस्पती फक्त तशाच हलत्या वाळूत उगवतात. पण माणसाच्या बुटांनी, नको त्या जागी पाडलेला खळगा ही वेगळी गोष्ट.

मग इथे खेळायचं काय? अर्थकॅश. हा प्रकार २००४ पासून जिओलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या पुढाकाराने सुरू झाला. डबा नाही, वही नाही. ठरलेल्या जागी जायचं, जमीन वाचायची, प्रश्नांची उत्तरं लपवणाऱ्याला पाठवायची. माझ्या मते वाळूच्या माळावर हा खेळ डब्यापेक्षा सरस आहे, कारण डबा सापडला की माणूस निघून जातो आणि अर्थकॅशसाठी थांबावं लागतं. निघण्याआधी ॲपमध्ये कॅशच्या प्रकाराची गाळणी लावून आसपास काय आहे ते बघून घ्यावं.

टेकड्यांवरच्या अर्थकॅशमध्ये तेच तीन-चार प्रश्न फिरून फिरून येतात, त्यामुळे साहित्य बरोबर असलेलं बरं : दहापट दाखवणारं भिंग, चुंबक, आणि उताराचा कोन मोजणारं फोनमधलं ॲप. कोरडी मोकळी वाळू ओतली तर ३३-३४ अंशांच्या वर उभी राहत नाही, घसरते. टेकडीची वाऱ्याकडची बाजू सपाट, साधारण १० ते १५ अंश, आणि आडोशाची बाजू उभी. इथे वारा पश्चिमेचा, म्हणून उभे उतार पूर्वेकडे तोंड करून. फोन थेट जमिनीवर ठेवू नये, एखादा खडा किंवा झुबका आला की दोन-तीन अंशांचा फरक पडतो. पाण्याची बाटली आडवी ठेवून तिच्यावर फोन ठेवावा आणि उताराच्या वर, मधे, खाली असं मोजून मधला आकडा घ्यावा. जुन्या, झाडोऱ्याने धरलेल्या टेकड्यांवर आकडा ३० च्या खालीच येतो, कारण पाऊस आणि मुळं यांनी कडा मऊ केलेल्या असतात. हे सगळं वाटेच्या कडेवरून करता येतं. त्यासाठी टेकडीवर चढू नये.

भिंगाखाली कण बघताना तळहातावर चिमूटभर वाळू पुरते. बहुतेक क्वार्ट्झ, कोपरे झिजलेले, पृष्ठभाग काचेच्या घासलेल्या तुकड्यासारखा धुरकट. वाऱ्याने एकमेकांवर आपटलेल्या कणांची ही खूण. चुंबकाला चिकटतात ते काळे कण मॅग्नेटाइटचे. बघून झालं की वाळू तिथेच सांडायची.

या भागाशी जोडलेलं एक मोठं नाव म्हणजे हेन्री ॲलन ग्लीसन (१८८२–१९७५). इलिनॉयच्या वाळूवरच्या वनस्पतींचा अभ्यास त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९२६ मध्ये त्यांनी मांडलं की वनस्पतींचा समूह हा काही एकसंध जीव नव्हे, प्रत्येक जात स्वतःच्या गरजेप्रमाणे येते आणि जाते. तेव्हा फार कुणाला पटलं नाही, आज पर्यावरणशास्त्रात पहिल्या वर्षाला शिकवतात. त्यांच्या नावाचं राखीव क्षेत्र याच काउंटीत गूफी रिज नावाच्या वस्तीजवळ आहे. सिल्व्हरी ब्लॅडरपॉड ही चंदेरी पानांची छोटी वनस्पती सगळ्या इलिनॉयमध्ये तिथल्या वाळूवरच उगवते. एका टेकडीवरची पायवाट सरकली तरी राज्यातून एक जात जाईल, इतकं ते नाजूक गणित आहे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला माळ मस्त दिसतो. लिटल ब्लूस्टेम गवत तांबूस व्हायला लागलेलं, जांभळ्या तुऱ्यांचं ब्लेझिंग स्टार फुललेलं, आणि निवडुंगाला लाल बोंडं. हा निवडुंग आपल्या फड्या निवडुंगाचाच भाऊबंद, पण गुडघ्याच्याही खाली, जमिनीला चिकटून वाढणारा. त्याच्या मोठ्या काट्यांना घाबरायचं कारण नाही, दिसतात. त्रास देतात ते बारीक कुसळं, ग्लोकिड. ती बोटात शिरली की चोळू नये. रुंद चिकटपट्टी दाबून उपटायची, उरलेली चिमट्याने.

त्याहून वाईट सँडबर. आपल्या गोखरूसारखंच काटेरी फळ, पण गवताला लागतं आणि पिकलं की नुसत्या स्पर्शाने सुटतं. फ्लीस, कॉटन, विणलेले मोजे आणि बुटाच्या नाड्या ही त्याची आवडती ठिकाणं. गुळगुळीत नायलॉनची पँट आणि घोट्यावर गेटर, म्हणजे बुटावरून चढवायची कापडी आवरणं, घातले तर नव्वद टक्के त्रास वाचतो. निघताना कंगव्याने झाडावेत, हाताने ओढू नयेत. आणि झाडायचे ते तिथेच, गाडीत बसण्याआधी.

सकाळी अकरानंतर वाळू तापते. हवा ३२-३३ अंश असली तरी वाळूचा पृष्ठभाग पन्नाशी ओलांडतो. माणशी तीन लिटर पाणी बरोबर घ्यावं, वाटेवर मिळेल असं धरू नये. सकाळी सात ते दहा ही वेळ उत्तम.

दिवसाचा सगळ्यात मोठा धक्का वाटेवर मधोमध बसला होता. हॉगनोज साप. नाकाचं टोक वर वळलेलं, मान चपटी करून फणा काढल्याचा आव, आणि फुत्कार असा की कोकणात वाढलेला माणूस दोन ढांगांत मागे. विषाचं भय नाही. थोडा वेळ दम देऊन उपयोग झाला नाही की तो पाठीवर उलथतो, तोंड उघडून जीभ बाहेर टाकतो आणि मेल्याचं सोंग घेतो. काठीने सरळ केला तर पुन्हा उलथतो, जणू मेलेल्याने उताणंच पडावं असा नियम आहे. पण सरळ करू नये. पाच पावलं मागे जाऊन वाट पाहिली की उठून निघून जातो. याच वाळूत इलिनॉय कोरस फ्रॉग नावाचा बेडूक वर्षातला बहुतेक काळ पुरलेला असतो. बहुतेक खणणारे बेडूक मागच्या पायांनी जातात, हा पुढच्या पायांनी, डोकं आधी घालून. तो फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये पावसाबरोबर वर येतो, तेव्हा सप्टेंबरमध्ये दिसण्याची आशा नको.

गाडीबद्दल एवढंच : खडीवरच उभी करावी. बाजूच्या मऊ वाळूत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळणारी सेडान घातली की ॲक्सिलरेटर दाबू तितकी रुतते. रुतलीच तर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून, टायरची हवा ३५ वरून २० पीएसआयपर्यंत उतरवून, चाक सरळ ठेवून हळू मागे घ्यायची. त्यानंतर हवा भरायला छोटा पंप डिकीत असला तरच हा उपाय. डांबरी रस्त्यावर २० पीएसआयवर पळवू नये.

सोमवार : हॅवाना आणि नदीकाठ

शेवटचा दिवस सोपा. हॅवाना हे नदीवरचं काउंटीचं गाव, मध्यभागी रॉकवेल माउंड हा मूळनिवासींनी रचलेला मातीचा भला मोठा उंचवटा, आता बागेत. इथलं नदी-संशोधन केंद्र १८९४ पासून चालू आहे. गावातले डबे मायक्रो, म्हणजे फिल्मच्या डबीएवढे : दिव्याच्या खांबाच्या तळाशी, चुंबकाने चिकटलेले. सुट्टीच्या सकाळी ये-जा कमी असते, नाहीतर खांबापाशी घुटमळणाऱ्या चार देशी लोकांकडे गाव वळून बघतं. कुणी विचारलं तर सरळ सांगावं. लपवाछपवी करण्यानेच संशय वाढतो.

नदीपलीकडे एमिक्वन. १९२० च्या दशकात तलाव उपसून इथे शेती केली होती. नेचर कॉन्झर्व्हन्सीने २००० मध्ये जमीन घेतली, २००७ मध्ये पंप बंद केले आणि तलाव परत आला. अलीकडच्या तीरावर चौटाक्वा हे केंद्र सरकारचं अभयारण्य. अशा अभयारण्यांत डबे ठेवता येत नाहीत, अर्थकॅश किंवा डबा नसलेली व्हर्च्युअल कॅशच. सप्टेंबरमध्ये चिखलावर किनारपक्षी उतरलेले असतात, दुर्बीण असेल तर डब्याची आठवणही होत नाही.

धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या एका काकांनी सिल्व्हर कार्पची कहाणी ऐकवली. बोटीच्या आवाजाने हे मासे पाण्याबाहेर उड्या मारतात आणि बोटीतल्याचं नाक फोडतात. २०२२ मध्ये इलिनॉयने लोकांनी हे मासे खावेत म्हणून त्यांना 'कोपी' हे बाजारी नाव दिलं. काकांचं मत : काटे फार, चव चांगली. बारीक काट्यांच्या माशाला बिचकणारे आपण नव्हे. बारीक आडवे काप देऊन, आलं-लसूण, हळद, तिखट आणि रवा लावून कडक तळला तर त्याचं काम होईल असं त्यांना सांगितलं. त्यांनी रवा म्हणजे काय ते लिहून घेतलं.

परतीच्या रस्त्यावर शेताच्या कडेला कलिंगडं. वाळू वसंतात लवकर तापते, पाणी मुळाशी साचत नाही, आणि खाली भूजल भरपूर, म्हणून ही काउंटी कलिंगड, खरबूज, भोपळा आणि पॉपकॉर्नच्या मक्यासाठी नावाजलेली. मोठमोठे फिरते फवारे रस्त्यावरून दिसतात ते याच पाण्यावर. टेबलावर कलिंगडं, शेजारी कुलूप लावलेली पैशांची पेटी, माणूस कुणी नाही. सुटे पाच-पाच डॉलर जवळ ठेवावेत. हंगाम संपत आलेला असतो, तेव्हा जमिनीला टेकलेला डाग पांढरा नसून पिवळा असलेलंच उचलावं.

घरी आल्यावर ऑनलाइन नोंदी त्याच रात्री कराव्यात. "सापडला, धन्यवाद" एवढंच लिहून पुढच्याला काही कळत नाही. वही ओली होती, झाकण घट्ट होतं, फायर लेनवर झाड पडलंय, हे लिहावं. ओल्या वहीसाठी मालकाचं लक्ष वेधणारी वेगळी नोंद असते, ती टाकावी. डब्यातून ट्रॅव्हल बग (डब्यातून डब्यात फिरवायची, क्रमांक असलेली वस्तू) उचलला असेल तर त्याचा क्रमांक पुढच्या डब्यात ठेवेपर्यंत आपल्या नावावर नोंदवून ठेवावा. न सापडलेल्याची नोंदही तितकीच कामाची : एका डब्यावर अशा तीन-चार नोंदी ओळीने दिसल्या तर बहुधा तो तिथे राहिलेलाच नाही, आणि पुढच्या माणसाचे झुडपातले दोन तास वाचतात. बुटांचे तळवे मात्र ब्रशने घासूनच पुढच्या ट्रिपला न्यावेत. सँडबर आणि तणांची बियाणी त्यांच्या खाचांत बसून दुसऱ्या माळावर पोचतात.